झेंडूची माळ आणि रबराची पाती

गेली चार वर्षे मी खंडेनवमीला आमच्या होडीच्या इंजिनाची न चुकता पूजा करीत होतो. हळद-कुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायची, नारळ वाढवायचा आणि खोबऱ्याचा प्रसाद वाडीतल्या पोरांना वाटायचा. इंजिन म्हणजे होडीच्या पाठीला टांगलेले पंचवीस अश्वशक्तीचे यंत्र. किनाऱ्यावर ज्याला ‘ओबीएम’ म्हणतात ते. वरचे झाकण मी कापडाने असे पुसत असे की त्यात तोंड दिसावे. पण या चार वर्षांत त्याच्या खालच्या अंगाचे बोल्ट सोडवून आतला पाण्याचा पंप मी एकदाही पाहिला नाही. पाहू दिला नाही, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

कारण पाहू या, असे सांगणारा माणूस घरातच होता. माझ्या चुलतभावाचा मुलगा. आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेतलेला, वाडीतल्या निम्म्या होड्यांची इंजिने ज्याच्या हातून जातात असा. होडी मी आणि चुलतभाऊ यांच्यात सामाईक. पैसा प्रामुख्याने माझा, समुद्र प्रामुख्याने त्याचा. नारळी पौर्णिमेच्या आधी पोरगा मला म्हणाला होता, “काका, इंपेलर बदलूक होयो. एक दुपार लागात.” मी विचारले, खर्च किती? त्याने सांगितलेला आकडा काही शे रुपयांचा होता. मी म्हणालो, “अरे, गेल्या वर्षी होडी चाललीच कुठे? अजून एक सीझन सहज निघेल.” आयुष्यभर बँकेत काम केलेल्या माणसाला खर्च पुढे ढकलणे म्हणजे काटकसर वाटते. ती काटकसर नसते, ते कर्ज असते, हे इतरांना समजावण्यात माझी नोकरी गेली. स्वतःला मात्र ते डिसेंबरातल्या एका संध्याकाळी समजले.

देवबागला जिथे कर्ली खाडी समुद्राला मिळते ती जागा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ओहोटीच्या वेळी तिथे काय होते ते सांगायला नको. खाडीचे पाणी बाहेर धावत असते, समुद्राची लाट आत येऊ पाहते आणि दोघांच्या झटापटीत वाळूच्या दांड्यावर पांढरा फेस फुटत राहतो. मुंबईहून आलेले पाहुणे होडीत होते. त्यांत दोन लहान मुले. परतताना इंजिनाचा आवाज जड झाला. मग रंग जळल्यासारखा वास आला आणि मग ते बंदच पडले. इंजिन तापल्याची सूचना देणारा भोंगा वाजलाच नाही. त्याची वायर कधीची गंजून तुटली होती. होडी हळूहळू मुखाकडे सरकू लागली. तसे पाहिले तर फार काही घडत नव्हते. कोणी ओरडत नव्हते. फक्त किनाऱ्यावरची माडांची रांग मागे जात होती आणि फेसाचा आवाज वाढत होता.

चुलतभावाने नांगर टाकला. दोनदा तो वाळूत घसरत गेला, तिसऱ्यांदा धरला. अर्ध्या तासाने एका मच्छीमार होडीने दोर टाकून आम्हाला ओढून आणले. मुलांना वाटले, हाही सहलीचाच भाग! त्यांच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. आणि किनाऱ्याला पाय लागताच मी काय केले असेल? समोर धावत आलेल्या त्या पोरावर ओरडलो, “तू इंजिन बघतोस ना? हे काय लक्ष आहे तुझे?” तो काहीच बोलला नाही. पानांची पेटी आणायला वळला.

हा लेख खरे तर त्या न बोलण्याविषयी आहे.

दुसऱ्या दिवशी इंजिनाचे खालचे अंग सुटे झाले. ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मोटारीच्या इंजिनाला थंड ठेवायला रेडिएटर असतो. होडीच्या इंजिनाला त्याची गरज नाही, कारण भोवती पाणीच पाणी. पंख्याच्या वरच्या बाजूला, पाण्यात बुडालेल्या भागाला जाळीदार भोके असतात. तिथून पाणी ओढून वर इंजिनाभोवती फिरवायचे आणि पुन्हा बाहेर सोडायचे, एवढीच योजना. हे ओढण्याचे काम करतो तो इंपेलर. तळहातात मावणारे रबराचे चाक, त्याला पाच-सहा पाती. इंजिनाकडून पंख्याकडे जाणाऱ्या उभ्या दांड्यावर ते एका छोट्याशा चावीने अडकवलेले असते.

खुबी आहे ती त्याच्या घरात. ज्या वाटीत हे चाक फिरते त्या वाटीचा मध्य आणि दांड्याचा मध्य एक नसतो. मुद्दाम बाजूला ठेवलेला असतो. त्यामुळे फिरताना पाती एका बाजूला दुमडतात आणि दुसऱ्या बाजूला उलगडतात. उलगडताना दोन पात्यांमधली जागा वाढते, पाणी आत ओढले जाते. दुमडताना जागा कमी होते, पाणी वर ढकलले जाते. इंजिनाचा वेग वाढला की पाती भिंतीपासून थोडी सुटतात आणि पाणी भिरकावण्याचे काम सुरू होते. इतके साधे आणि इतके चतुर यंत्र मी दुसरे पाहिलेले नाही. मात्र त्याची एक अट आहे. जे पाणी ते ओढते त्याच पाण्याचे त्याला वंगण लागते. कोरडे फिरवले तर काही क्षणांत रबर तापते आणि पाती जळू लागतात. घरासमोर ठोकळ्यावर इंजिन टांगून “नुसते चालू होते का बघू” म्हणणारे हौशी लोक त्या एका मिनिटात पंपाचे आयुष्य संपवतात. त्यांत मीही होतो.

वाटी उघडली तेव्हा आतल्या चाकाच्या सहा पात्यांपैकी दोन धड होती. एकाचे टोक उडालेले, तीन मुळापासून गायब. उरलेली पाती एकाच बाजूला वाकून तशीच कडक झाली होती, जणू हाडांत वात शिरलेल्या माणसाची बोटे. मी नवा इंपेलर पुढे केला. पोरगा म्हणाला, “काका, तुकडे मोजलास काय?” मला अर्थच कळेना. मग तो म्हणाला, “गेलेली पाती खंयतरी असतलीच ना!” तुटलेले रबर विरघळून जात नाही. ते पाण्याबरोबर वर जाते आणि इंजिनातल्या अरुंद वाटांमध्ये अडकते. नवा पंप बसवला तरी पाणी पुढे जात नाही आणि इंजिन पुन्हा तापते. दोन तुकडे पाण्याच्या नळीच्या तोंडाशी मिळाले. एक थर्मोस्टॅटपाशी. उडालेले ते टोक शोधायला आणखी दोन तास गेले. मी तीनदा म्हणालो, “जाऊ दे, इवलासा तुकडा तो.” त्याने ते ऐकले नाही. शेवटी तारेच्या आकड्याने ते बाहेर काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवले. नखाएवढे होते.

बाकीचे काम मी शेजारी बसून पाहिले आणि थोडे हातानेही केले. हे अवघड काम नाही. पण प्रत्येक पायरीला लक्ष मागणारे आहे. ॲल्युमिनियममध्ये बसलेला स्टीलचा बोल्ट खाऱ्या हवेत पांढरी भुकटी धरून जाम होतो. जोर लावला की मोडतो, म्हणून आधी तेल सोडून, थांबून, पुढे-मागे हलवत तो काढायचा. वाटीत आणि खालच्या पत्र्यावर वाळूने चरे पाडलेले असतील तर नुसते रबर बदलून भागत नाही; वाटी आणि पत्राही बदलावा लागतो. नवी पाती साबणाच्या पाण्याने ओली करून, दांडा इंजिनाच्या दिशेनेच फिरवत वाटीत बसवायची, म्हणजे ती योग्य बाजूला दुमडतात. जोडताना पाण्याची नळी तिच्या रबरी तोंडात नीट गेली की नाही हे पाहायचे. ती चुकली तर सारे बरोबर बसूनही थेंबभर पाणी वर चढत नाही. गिअरची कांडी कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या जागी हवी. मग इंजिन पाण्यात ठेवून चालू करायचे आणि मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार येते का ते पाहायचे. या धारेला आमचे तांडेल काय म्हणतात ते रविवारच्या पानावर छापण्याजोगे नाही. पण लहान मुलाच्या आईला त्या गोष्टीचे जे महत्त्व, तेच तांडेलाला या धारेचे. “पयलां पाणी बघूचां, मगे गियर घालूचो,” हा त्या पोराचा नियम आता माझाही झाला आहे.

आता माझ्या त्या वेळच्या युक्तिवादांकडे वळतो, कारण ते माझ्या एकट्याचे नाहीत. पहिला युक्तिवाद : होडी फारशी चालली नाही. पण रबर वापरानेच म्हातारे होते असे नाही, पडून राहूनही होते. पावसाळ्याचे महिने एकाच जागी दुमडून राहिलेले पाते तोच वाक धरून बसते. दुसरा : आजवर काही झाले नाही. हा पुरावा नव्हे, ही नशिबाची थकबाकी आहे. तिसरा, न बोललेला आणि खरा युक्तिवाद : हा खर्च दिसत नाही. त्याच वर्षी मी होडीला नवा रंग दिला होता, नवे छत केले होते. रंगाचे सगळ्यांनी कौतुक केले. इंपेलर बदलला असता तर कोण कौतुक करणार होते? जे घडले नाही त्याचे श्रेय कोणाला मिळत नाही. बंद न पडलेल्या इंजिनाचा सत्कार आजवर कोणत्याही गावात झालेला नाही.

आपला समाज मुळात असा होता का? मला तसे वाटत नाही. कोकणात कौलारू घराची दरसाल शाकारणी होत असे. मृगाच्या आधी कौले उतरवायची, फुटकी बदलायची, वासे ठोकून पाहायचे. लाकडी होडी पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर ओढून तिच्या सांध्यांत कापूस भरायचा, तिला तेल पाजायचे. हे कोणी ‘मेंटेनन्स’ म्हणून करीत नसे. पंचांगातल्या सणासारखे ते वर्षात येऊनच जाई. छपराला स्लॅब आला, होडी फायबरची झाली, इंजिनावर चकचकीत झाकण आले आणि आपण समजलो, आता काही बघायचे उरले नाही. वस्तू बदलल्या, हे ठीकच झाले. पण वस्तूंबरोबर सवयही टाकून दिली. पूजा तेवढी राहिली. खरे पाहता शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशी शस्त्र घासूनपुसून, धार पाहून ठेवायचे असते. आपण घासणे सोडले आणि झेंडू ठेवला.

ही गोष्ट होडीपुरती असती तर रविवारची जागा मी अडवली नसती. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या आतल्या माणसांसह त्या अंधारात नाहीशा झाल्या. पुढे त्याच जागी नवा पूल विक्रमी वेगाने उभा राहिला, जून २०१७ मध्ये तो खुलाही झाला. त्या वेगाचे कौतुक करावेच. पण नवा पूल काही महिन्यांत बांधू शकणारे आपण, जुन्या पुलाच्या पायाशी काय चालले आहे हे पाहण्यात एवढे अशक्त का? बांधकामाला कोनशिला असते, उद्घाटन असते. देखभालीला फक्त एक नोंदवही असते, तीही बहुधा कोरी.

आमच्या किनाऱ्यावर हेच दिसते. नव्या इंजिनासाठी कर्ज मिळते, अनुदानाच्या योजना येतात, हार घातलेल्या इंजिनासोबत छायाचित्रे निघतात. ते इंजिन पाचव्या वर्षी कोण उघडणार, सुटा भाग कुठून येणार, याचा विचार योजनेच्या कागदावर मला आढळला नाही. माझ्या होडीची तपासणी झाली तेव्हा कागद पाहिले गेले, लाइफ जॅकेटे मोजली गेली. ती मोजायलाच हवीत. इंपेलर कधी बदलला, हे मात्र कोणी विचारले नाही. विचारले असते तर मला खोटे बोलावे लागले असते. इंजिनासोबत मिळालेले पुस्तक इंग्रजीत आहे. ज्या हातांनी काम व्हायचे त्या हातांची भाषा मराठी. चित्रांवरून अंदाज बांधत ही मुले शिकतात आणि तरीही बरोबर शिकतात, हे त्यांचे कौतुक. पण ती आपली व्यवस्था नव्हे.

केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने आधी हाती घेतली. विचार स्तुत्य आहे. पण या यादीत होडीचे इंजिन स्वतंत्रपणे कुठे नाही. रस्त्यावर बंद पडलेली मोटार कडेला उभी राहते; मुखावर बंद पडलेली होडी उभी राहत नाही. मग या यादीत आधी कोण हवे? आणि कंपन्या काही चिरंजीव नसतात. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने अमेरिकेत १९०९च्या सुमारास ज्या नावाने ही टांगती इंजिने विकायला सुरुवात केली, त्या नावाच्या इंजिनांचे उत्पादन २०२० साली थांबले. जगभरच्या किनाऱ्यांवर ती इंजिने मात्र अजून चालतात आणि त्यांना वेळोवेळी नवे रबर लागतेच. विकणारा दुकान बंद करून जातो, वापरणारा खाडीतच असतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पोटासाठी समुद्रात जाणाऱ्याला दर सीझनला नवा अस्सल भाग परवडेलच असे नाही. म्हणून तो स्वस्तातला नकली घेतो किंवा जुनाच चालवतो. माझ्यासारख्या पेन्शनवाल्याने त्याला उपदेश करू नये. मी करतही नाही. माझे म्हणणे असे की, हा खर्च त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणेच चूक आहे. प्रत्येक मच्छीमार सोसायटी डिझेल-पेट्रोलची व्यवस्था करते, तशी चार-सहा प्रकारच्या इंपेलरांची पेटी ठेवू शकत नाही काय? जून-जुलैच्या मासेमारी बंदीत इंजिने किनाऱ्यावरच असतात. त्या दोन महिन्यांत गावातल्या दोन-चार आय.टी.आय. झालेल्या मुलांना ठराविक मोबदला देऊन सगळी इंजिने उघडून घेणे अशक्य आहे काय? नव्या इंजिनाला अनुदान देताना त्यासोबत दोन पंप-संच आणि मराठीतले चित्रमय पुस्तक द्यावे, यात खजिना रिता होण्यासारखे काही नाही. पर्यटकांना नेणाऱ्या होडीला तर तारखांची नोंदवही सक्तीचीच हवी.

पण सगळे सरकारवर ढकलून मोकळे होणे ही पुन्हा माझी जुनीच युक्ती झाली. माझ्या होडीत झाले ते सरकारमुळे नव्हे, माझ्यामुळे. ज्याला कळत होते त्याच्या हातात निर्णय नव्हता. ज्याच्या हातात निर्णय होता त्याला कळत नव्हते आणि कळून घ्यायचेही नव्हते. वर, बिघडल्यावर दोष मात्र कळणाऱ्याच्या माथी. कारखान्यात, इस्पितळात, रेल्वेत, पाटबंधाऱ्यावर हाच शिरस्ता आहे. गँगमन, लाइनमन, फिटर, वॉर्डबॉय यांचा शब्द साहेबाच्या टेबलापर्यंत पोचेतो त्याची सूचना उरत नाही, तक्रार होते. आणि अपघात झाला की चौकशीत पहिले नाव त्याचे येते.

इंजिन पुन्हा सुरू झाले त्या संध्याकाळी मी पोराची माफी मागितली. आमच्या घरात वडील माणसाने धाकट्याची माफी मागण्याची रीत नाही. त्यामुळे तोच माझ्यापेक्षा जास्त अवघडला. “जांव दे काका,” एवढेच म्हणाला आणि मग बऱ्याच वेळाने, “होडी हाडलास म्हणजे झाला.” तेव्हापासून आमच्यात एक ठराव झाला आहे. इंजिनाबाबत शेवटचा शब्द त्याचा; पैसे कोणाचेही असोत. एक नवा इंपेलर, गॅसकेट आणि दोन पाने डब्यात बांधून होडीतच असतात. भोंग्याची वायर नवी घातली आहे. वापरानंतर इंजिनातून गोडे पाणी फिरवले जाते. आणि पंप बदलल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिली आहे, तिथे माळेने ती झाकली जाऊ नये म्हणून.

येत्या खंडेनवमीला पूजा होईलच. नारळही वाढवीन. फक्त या वेळी आदल्या दिवशी खालचे बोल्ट सुटलेले असतील, वाटी उघडलेली असेल आणि सहाही पाती आम्ही दोघांनी मिळून मोजलेली असतील. तुमच्या दाराशी होडी नसेल; स्कूटर असेल, गॅसची नळी असेल, गच्चीवरची टाकी असेल, जिन्यातली विजेची पेटी असेल. ज्याला माळ घालाल ते एकदा उघडून पाहा. आणि उघडू या, असे सांगणारे कोणी घरात असेल, तर त्याला खर्च विचारण्याआधी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या.